खारफुटीखाली कोणाचा सातबारा?

कोकणातल्या खाड्यांवर वाद सुरू झाला की दोनच बाजू समोर येतात. एक म्हणते, खारफुटी वाचवा. दुसरी म्हणते, विकास होऊ द्या. वर्तमानपत्रे या दोघांना समोरासमोर उभे करतात आणि तिथेच चर्चा संपते. पण आज जिथे तिवरांचे रान आहे त्यातल्या कितीतरी जागी दोन पिढ्यांपूर्वी भात होत होते. ते भात पिकवणारी माणसे या वादात कुठेच नाहीत. ती कोण होती, त्यांची शेते कशी गेली आणि तिथे तिवर कसे आले, हे कोणी विचारत नाही.

'निसर्गाने आपली जमीन परत घेतली' हे वाक्य आम्ही अनेक कार्यशाळांत ऐकले आहे. ऐकायला ते सुंदर वाटते, पण आमच्या मते ते इतिहासाच्या दृष्टीने खोटे आहे. खाडीकाठच्या शेतात कोणती वनस्पती उगवते, हे बांधाच्या अवस्थेवर ठरते. बांधाची अवस्था श्रम कोण करतो आणि मालक कोण आहे यावर ठरते. म्हणून खारफुटीचा इतिहास हा आपल्याकडे जमीनहक्काच्या लढ्याचाच एक भाग आहे, आणि आंबेडकरी कार्यकर्त्यांनी तो वाचायला शिकले पाहिजे.

खारजमीन माणसाने घडवली

खारेपाट म्हणजे अलिबाग, पेण, उरण या भागातला खाडीलगतचा सपाट पट्टा. इथली भातशेती समुद्राने दिलेली नाही, समुद्राला अडवून मिळवलेली आहे. भरतीचे पाणी ज्या खाजणात शिरत होते तिथे चिखल, पेंढा, दगड घालून बाहेरचा बांध उभारला गेला. बांधात जागोजागी उघाड्या ठेवल्या. ओहोटीला उघाडीतून शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीला दार मिटून खारे पाणी बाहेरच अडते. पहिल्या पावसाने मातीतले मीठ धुऊन जाते, मग भाताला जागा होते. म्हणून इथे पीक पावसाळ्यातच. चिखल करून त्यावर मोड आलेले बी फेकायचे, ही रहू पद्धत याच जमिनीतून आली. राता नावाचे जुने तांबडे भात इथले, खारटपणा सोसणारे. त्याचे काळा राता, भुरा राता असे प्रकार जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून आहेत.

ही व्यवस्था एकदा बांधली की झाले, असे नाही. खेकडे बांधात बिळे करतात. उधाणाच्या भरतीला लाटा बांधाची माती ओढून नेतात. एका ठिकाणी पाणी झिरपू लागले आणि वेळीच चिखल भरला नाही तर रात्रीत खांड पडते. खांड एका शेताची नसते. एका ठिकाणी बांध फुटला की आतल्या सगळ्यांची शेते खारी होतात. म्हणजे या जमिनीला दर वर्षी, सगळ्यांच्या मिळून श्रमाची गरज असते. डोंगरउतारावरची वरकस जमीन पडीक ठेवली तरी ती जमीनच राहते. खारजमीन पडीक ठेवली तर ती पुन्हा खाडी होते. हात थांबले की शेत संपले. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

बांध घालणारे आणि बांधाचे मालक

ज्यांच्या हातांनी बांध उभे राहिले, त्यांच्याकडे मालकी नव्हती. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाचा धारा-प्रकार होता. बाहेरच्या बांधाची दुरुस्ती ठेवण्याच्या बदल्यात शिलोत्रदार कुळांकडून बिघ्यामागे ठरावीक भात घेई, आणि हे सरकारी साऱ्याशिवाय वेगळे. कागदावर दुरुस्ती शिलोत्रदाराची. प्रत्यक्षात कमरेएवढ्या चिखलात उभा राहणारा माणूस कूळ किंवा मजूर. इंग्रजी अमदानीच्या दप्तरात शिलोत्रदाराचा हक्क नोंदला गेला, त्याचा दर नोंदला गेला. चिखलाची पाटी उचलणाऱ्या बाईचे नाव कुठल्या रकान्यात येणार होते?

त्याच्या जोडीला खोती. खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा. पण तो गावाचा धनी होऊन बसला. अर्धेल, तिर्धेल या नावांनी कुळाच्या पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा तो नेई आणि वर वेठ घेई. रत्नागिरीत १८८० च्या खोती कायद्याने इंग्रज सरकारने या हक्कांवर शिक्का मारला. खोताच्या दारात कुणबी, आगरी आणि महार, तिघेही वाकत. फरक एवढाच की महाराला खोताची वेठ आणि गावाची वतनदारी वेठ अशी दोन ओझी होती आणि त्यावर अस्पृश्यता होती. जमीन आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे जे आजही सांगतात, त्यांनी कोकणातल्या एका गावाचा जुना हिशेब उघडून पाहावा.

बाबासाहेबांनी हे दोन्ही धागे एकत्र धरले. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या गुलामीवर मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला शेतकऱ्यांपुढे खोतीविरुद्ध ते बोलले. आणि याच खारेपाटात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. २५ गावांचा हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे चालला. १९३४ च्या डिसेंबरात चरीला झालेल्या शेतकरी परिषदेला बाबासाहेब गेले. संपकरी बहुसंख्येने आगरी समाजाचे होते, आणि तरीही बाबासाहेबांनी तो लढा आपला मानला. 'आपल्या समाजापुरते' राजकारण करणारा नेता म्हणून त्यांना रंगवणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसे आहे.

चरीच्या संपाने खोताला काय दाखवून दिले? कागद तुझा आहे, पण कसणारे हात निघून गेले तर त्या कागदावर भाताचा एक दाणाही उगवत नाही. पुढे स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कुणबी होते, महार होते. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. पण कोकणातल्या कष्टकऱ्यांना एका मांडवाखाली आणण्याचे काम झाले.

कायदा झाला, बांध मात्र पोरका झाला

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा आला. १९४८ च्या कूळकायद्यातील पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ मालक मानले गेले. हा मोठा विजय होता आणि त्याचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण खारेपाटात एक पेच उरला. कुळाला आतले शेत मिळाले. बाहेरचा बांध कोणाचा? जुना धनी म्हणू लागला, माझा खंड गेला, आता बांध मी का बांधू? कूळ म्हणू लागले, माझ्या दोन बिघ्यांसाठी कोसभर बांध मी एकटा कसा राखू?

सरकारला हा पेच माहीत होता. म्हणूनच १९४८ मध्ये खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा आणि मंडळ आले, आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला. काही बांध सरकारी योजनेत गेले, काही खासगी म्हणून लोकांच्या गळ्यात राहिले. सरकारी बांधाला निधी आला तर दुरुस्ती. नाही आला तर अर्ज, पाहणी, पुन्हा अर्ज. खासगी बांधाला तर वालीच नाही. त्याच काळात घरातला तरुण मुंबईला गिरणीत, गोदीत, पुढे पनवेल-तळोज्याच्या कारखान्यांत गेला. बांधावर चिखल टाकायला मागे राहिले म्हातारे आणि बायका.

नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा तर शेत राखण्याचे कारणच संपले. मोबदल्यासाठी उरण परिसरातले शेतकरी रस्त्यावर आले आणि जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. ताब्यात गेलेल्या, पण भराव न पडलेल्या शेतांचे बांध कोण दुरुस्त करणार? त्या शेतांत पाणी शिरले आणि कित्येक जागी तिवरांचे रान उभे राहिले. त्या रानाला आज कोणी 'आदिम निसर्ग' म्हटले तर ते किती खरे, हे वाचकांनीच ठरवावे.

खांड पडल्यावर शेतात काय होते

आता वनस्पतींकडे येऊ, कारण पुरावा तिथे आहे. खारे पाणी आले की पहिल्यांदा भात जाते. मग गोड्या पाण्यावर वाढणारे लव्हाळ्यासारखे तण मागे हटते. उन्हाळ्यात शेतावर मिठाचा पांढरा थर दिसू लागतो. या उघड्या, करपलेल्या मातीत मोरस येते. मांसल पानांची, खारट चवीची. गरिबाच्या घरात ती भाजी म्हणून शिजते. काही जागी खारे गवत पसरते. मग खांडीतून आत आलेल्या पाण्याच्या वाटेने तिवराचे बी येते. तिवराचे बी झाडावरच रुजायला लागते, म्हणून पाण्याबरोबर वाहत येऊन चिखलात टेकले की लगेच मूळ धरते. पानांवाटे मीठ बाहेर टाकण्याची आणि चिखलातून वर आलेल्या मुळांनी श्वास घेण्याची सोय त्याच्याकडे आहे. त्यामुळे इतरांना न झेपणाऱ्या जागी ते तग धरते.

काही वर्षांत शेतभर जवळजवळ एकाच वयाची, एकाच जातीची तिवरे उभी राहतात. कांदळ, चिपी, काजळा ही झाडे खाडीच्या तोंडाकडे, जिथे पाणी खेळते राहते तिथे आधी दिसतात. ओढ्याचे गोडे पाणी मिसळते तिथे काटेरी मारांडी दाटते. आणि जिथे फक्त उधाणाचे पाणी पोहोचते त्या उंच तुकड्यांवर वर्षानुवर्षे मोरस आणि उघडी माती एवढेच राहते. नीट पाहिले तर तिवरांच्या रानातही जुन्या शेतांचे बांध सरळ रेषेत ओळखू येतात. निसर्ग सरळ रेषा मारत नाही. ती रेष आपल्या आजोबांची आहे.

आणखी एक गोष्ट. बांध असताना खाडीचा गाळ आत येत नाही, तो बाहेर साचत राहतो. आतली माती मात्र वाळते, तुडवली जाते, दबते. त्यामुळे बांध फुटतो तेव्हा शेत बाहेरच्या खाजणापेक्षा खोल असते. पाणी अरुंद खांडीतून आत शिरते, पण तितक्या सहज बाहेर पडत नाही. पाणी फार काळ साचले तर तिवराची श्वासमुळेही बुडून राहतात आणि झाड मरते. म्हणजे शेत गेले, आणि रानही धड झाले नाही. अशी ना शेत ना रान झालेली डबकी खारेपाटात कमी नाहीत.

इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्याचा दाखला

हे फक्त आपल्याकडे घडत नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एसेक्समध्ये अशीच बांध घालून मिळवलेली शेती होती. २९ नोव्हेंबर १८९७ च्या वादळी भरतीत तिथले बांध फुटले. काही पुन्हा बांधलेच गेले नाहीत. का? त्या काळात अमेरिकेतून आलेल्या स्वस्त गव्हाने इंग्रज शेतकऱ्याचे कंबरडे मोडले होते. बांधाचा खर्च पिकातून निघणार नव्हता. वादळ निमित्त झाले, शेत बुडवले ते बाजारभावाने. पुढे १९९५ मध्ये त्याच एसेक्समध्ये टॉलेसबरी येथे सुमारे २१ हेक्टर शेताचा बांध सरकारी प्रयोग म्हणून मुद्दाम फोडला गेला, आणि तिथे काय उगवते याची वर्षानुवर्षे मोजणी झाली.

संशोधकांनी अशा मुद्दाम सोडलेल्या जागा, शंभर वर्षांपूर्वी अपघाताने बुडालेली शेते आणि कधीच शेती न झालेली खाजणे यांची तुलना केली. निष्कर्ष आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. मीठ सोसणाऱ्या वनस्पती लवकर आल्या. पण जुन्या शेतावरचे खाजण अस्सल खाजणासारखे झाले नाही. सुरुवातीला येणाऱ्या वनस्पतींचाच भरणा राहिला, आणि जुन्या खाजणातल्या काही वनस्पती दीर्घकाळानंतरही तिथे कमीच दिसल्या. मातीने नांगर विसरलेला नव्हता.

तिथली झाडे वेगळी, हवा वेगळी, समाज वेगळा. तरी दोन धडे घेण्यासारखे आहेत. एक, शेतीवर उगवलेले खाजण हे वेगळ्या जातीचे असते आणि त्याचा इतिहास झाडांतच वाचता येतो. दोन, बांध सोडायचा तर तारीख ठरवून, मोजणी करून, जबाबदारी घेऊन सोडता येतो. आपल्याकडे तो कोणी 'सोडत' नाही. तो फुटतो आणि मग कोणीच जबाबदार नसतो.

रान झाले, मग हक्काचे काय?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातले कांदळवन २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, २०२१ मध्ये ३२४. यामागे लागवड, संरक्षण, मोजणीतील सुधारणा अशी अनेक कारणे आहेत. मोडलेल्या बांधांच्या आतली शेतेही त्यात आहेत. आकडा वाढला म्हणून आनंद साजरा करणाऱ्यांनी एवढे तरी विचारावे की यातले किती हेक्टर कोणाचे ताट रिकामे करून आले?

मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी कांदळवनाच्या संरक्षणाचा महत्त्वाचा निकाल दिला. जमीन सरकारी असो वा खासगी, कांदळवन तोडता येणार नाही. त्याचा नाश हा घटनेच्या कलम २१ नुसार नागरिकांच्या मूलभूत हक्काला धक्का आहे, असे न्यायालयाने म्हटले. खोतीविरोधी विधेयकाची तारीखही १७ सप्टेंबरच. हा निव्वळ योगायोग. पण दोन्ही तारखा आपल्याच आहेत, असे आम्ही मानतो.

आम्ही या निकालाच्या बाजूने आहोत. तिवर उधाणाचा जोर मोडते, किनारा धरून ठेवते, चिंबोरी आणि लहान माशांना आसरा देते. पूर आला की आधी खाडीकाठची वस्ती बुडते आणि ती वस्ती कोणाची असते हे सांगायला नको. पण त्याच कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क म्हणजे उपजीविकेचाही हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले आहे. मग झाडाच्या बाजूने कलम २१ वाचायचे आणि त्या झाडाखालच्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या, चिंबोऱ्या पकडणाऱ्या बाईच्या बाजूने वाचायचे नाही, हा कोणता न्याय?

आज या जमिनीवर तीन प्रकारचे लोक उभे आहेत. सातबाऱ्यावर नाव असलेला, पण पीक घेऊ न शकणारा. सातबाऱ्यावर कधीच नाव न लागलेला, पण पिढ्यान्‌पिढ्या बांधावर राबलेला. आणि तिसरा दलाल. तो पहिल्याकडे जाऊन म्हणतो, 'इथे आता काही पिकणार नाही, मिळतील ते पैसे घे.' बांध फुटलेला त्याला सोयीचाच असतो. पेण-उरण-पनवेलच्या पट्ट्यात महामुंबई सेझच्या वेळी लोकांनी हा डाव ओळखला. २००८ मध्ये २२ गावांत जनमत घेतले गेले आणि तो सेझ उभा राहिला नाही. पण तिथेही प्रश्न होता तो पहिल्या माणसाचा, जमीनमालकाचा. दुसऱ्याला, भूमिहीनाला, कोणी मत विचारले नाही.

आपण काय करायचे

म्हणून 'शेतकरी विरुद्ध खारफुटी' या भांडणात आपण कोणाचे प्यादे होऊ नये. तिवर तोडायला चिथावणारा आणि तिवराच्या नावाने माणसाला हाकलणारा, दोघेही एकच प्रश्न टाळतात: बांध का फुटला आणि त्याची किंमत कोणी मोजली? आंबेडकरी तरुणांनी हा प्रश्न कागदावर आणावा.

आपापल्या गावातल्या प्रत्येक मोडलेल्या बांधाची नोंद करा. खांड कधी पडली, अर्ज कधी दिले, पंचनामा झाला का, बांध सरकारी योजनेत होता की खासगी, हे माहिती अधिकारात मागा. जुने सातबारे, फेरफार, कुळांच्या नोंदी काढा. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा की कोणत्या खारीत त्या चिखल टाकायला जात होत्या. त्यांचे नाव कागदात नाही, पण त्यांना प्रत्येक उघाडी माहीत आहे. त्यांचे बोलणे नाव-गाव-तारखेसह लिहून घ्या. उगवलेल्या झाडांचीही नोंद करा: कुठे मोरस, कुठे एकवयीन तिवर, कुठे जुने कांदळ. जुन्या शेताची खूण त्यातून मिळते.

कांदळवन वनक्षेत्र म्हणून जाहीर झाले असेल तर २००६ चा वनहक्क कायदा तिथे काय देतो ते शिका. मासेमारी आणि पाणवठ्यांवरचे सामूहिक हक्क त्यात आहेत. इतर पारंपरिक वननिवासींना ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुरावा आज बोलणाऱ्या पिढीबरोबर संपत चालला आहे. राज्याची कांदळवन उपजीविका योजना २०१७ पासून आहे. खेकडापालन, कालवपालन यांसाठी गटांना मदत मिळते. आपल्या गावच्या समितीत कोण बसले आहे ते पाहा. त्यात भूमिहीन बाई नसेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा.

आणि एक मागणी थेट शासनाकडे. जिथे बांधाची जबाबदारी सरकारी योजनेची होती आणि दुरुस्तीअभावी शेत खारे झाले, तिथे दोनच मार्ग आहेत: बांध दुरुस्त करून शेत परत द्या, किंवा ते कांदळवन म्हणून राखायचे असेल तर मालकासह कूळ आणि मजुरालाही मोबदला देऊन राखा. फुकटात जंगल नको. खोताने आपल्या पूर्वजांचे श्रम फुकट नेले. आता हिरव्या रंगाच्या नकाशाने ते फुकट नेऊ नयेत.

चरीच्या कुळांनी हात थांबवून दाखवून दिले की जमीन श्रमाने बनते. त्या श्रमाची नोंद तिवरांच्या मुळाशी, सरळ रेषेत अजून आहे. ती सातबाऱ्यावर आणण्याचे काम आपले.